मेडिकलचे कॉलेज निवडताना : हौस किती, हिशोब किती

कासार आंबोलीहून आम्ही बचतगटाच्या ताया बोलतोय. आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हे काय आमच्या कामाचे? आमच्या घरात कोण डॉक्टर होणार आहे? तर बायांनो, आता तसे राहिलेले नाही. पिरंगुट, पौड, भूगाव, घोटावडे या पट्ट्यातल्या मुली बारावी सायन्सला बसतात, नीटची परीक्षा देतात आणि त्यातल्या काहींना बऱ्यापैकी मार्कही पडतात. मग निकालानंतरच्या बैठकीत पासबुके बाजूला राहतात आणि एखादी ताई हळूच विचारते, "मार्क तर पडलेत, पण आता कुठल्या कॉलेजात घालायची? एक स्वस्तातले आहे, पण लांब. दुसरे बघून पोरगी हरखून गेलीय, पण त्याची फी ऐकून आमचा जीव दडपलाय."

आज या प्रश्नावरच बोलू. कुठले कॉलेज चांगले आणि कुठले वाईट, हे आम्ही सांगणार नाही. ते ज्याच्या त्याच्या घरावर आहे. पण निवड करताना काय काय मांडून बघायचे, हे मात्र सांगता येईल. गटात कर्ज देताना आपण जसे चार प्रश्न विचारतो, तसेच इथेही विचारायचे.

तीन दारे, तीन भाव

आधी एक गोष्ट पक्की करू. आपल्या राज्यात एमबीबीएसला जायला ढोबळमानाने तीन दारे आहेत.

पहिले दार सरकारी कॉलेजाचे. पुण्यात ससून रुग्णालयाला जोडलेले बी. जे. मेडिकल कॉलेज आहे, तसे मिरजेला आहे, सोलापूरला आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत बारामती, सातारा, अलिबाग, सिंधुदुर्ग, नंदुरबार, गोंदिया अशा ठिकाणीही सरकारी कॉलेजे निघाली. इथली फी वर्षाला साधारण लाख-दीड लाखाच्या घरात असते.

दुसरे दार खाजगी कॉलेजाचे. इथल्या बहुतेक जागा राज्याच्या सीईटी कक्षाच्या फेऱ्यांमधून भरतात आणि फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. ही फी वर्षाला काही लाखांत जाते. यातल्या १५ टक्के जागा संस्थेच्या कोट्यातल्या असतात. त्यांची फी नेहमीच्या जागेच्या कितीतरी पट असते.

तिसरे दार अभिमत विद्यापीठाचे. त्यांचे प्रवेश दिल्लीच्या समितीकडून, सगळ्या देशासाठी एकत्र होतात. फी वर्षाला दहा-बारा लाखांपासून पंचवीस लाखांच्या वरही जाते. आपल्या मुळशीतच लवळ्याला सिंबायोसिसचे मुलींसाठीचे मेडिकल कॉलेज २०२० मध्ये सुरू झाले, तेही अभिमत विद्यापीठाचे. म्हणजे जाता-येता रोज दिसणारे कॉलेज आपल्याच तालुक्यातले असले, तरी त्याचे दार आपल्या राज्याच्या फेरीत उघडत नाही. हे आधी माहीत असावे.

फी दरवर्षी बदलते. म्हणून आम्ही सांगितलेला आकडा अंदाज म्हणून घ्या. खरा आकडा त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा.

आता महत्त्वाची गोष्ट. तिन्ही दारांतून आत गेलेली मुलगी साडेचार वर्षे शिकते, एक वर्ष इंटर्नशिप करते आणि एमबीबीएस होऊनच बाहेर पडते. सरकारी आणि खाजगी कॉलेजांची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते, अभिमतची त्या त्या विद्यापीठाची. पण पाटीवर नाव लावायचा हक्क सगळ्यांना सारखाच. आपल्या आरोग्य केंद्रातल्या मॅडमना आजवर कुणी विचारले आहे का, की तुम्ही कुठल्या कॉलेजातून आलात? आपण बघतो त्या नीट तपासतात का, गोळी समजावून सांगतात का, रात्री फोन उचलतात का.

हौस म्हणजे वाईट नव्हे

याचा अर्थ हौसेला काही किंमतच नाही, असे आम्ही म्हणत नाही. पोरीने दोन वर्षे रात्रीचा दिवस केलाय. तिला मोठी लायब्ररी, काचेच्या प्रयोगशाळा, पुण्या-मुंबईचे वारे हवेसे वाटले तर त्यात चूक काय? मन लागले नाही तर अभ्यास होत नाही, आणि डॉक्टरकीचा अभ्यास साडेपाच वर्षांचा आहे. शिवाय हौसेच्या पोटी माणसे अवघड वाटा चालली, म्हणून तर आपल्या बायका डॉक्टर झाल्या.

आनंदीबाई जोशी आठवा. १८८३ मध्ये, अठरा वर्षांची मुलगी एकटी बोटीने अमेरिकेला गेली. त्या वेळी मद्रासच्या मेडिकल कॉलेजात बायकांना प्रवेश मिळू लागला होता, म्हणजे देशातही एक वाट होती. तरी तिने लांबची वाट धरली, फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात शिकली आणि १८८६ मध्ये पदवी घेतली. कोल्हापूरच्या रुग्णालयात तिची नेमणूक झाली होती. पण परदेशात कडाक्याची थंडी आणि आहाराची आबाळ सोसलेल्या त्या देहाला क्षयाने गाठले, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, बावीस वर्षेही पुरी झालेली नसताना, पुण्यात ती गेली. तिच्या जाण्याचे मोल कमी होत नाही. तिच्यामुळे किती आयांनी लेकींना शाळेत घातले, त्याचा हिशोब नाही. पण आपल्यासाठी त्यात एक शिकण्यासारखे आहे. लांबच्या वाटेची किंमत फक्त पैशात नसते. हवा, पाणी, जेवण, झोप, एकटेपणा, हेही त्या बिलात असते आणि ते भरते मुलीचे शरीर.

दुसऱ्या रखमाबाई. बालपणीच्या लग्नाचा खटला लढल्यानंतर त्या लंडनच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात शिकल्या. त्यांच्यामागे मदत करणारी माणसे होती, त्यांच्यासाठी पैसा उभा करण्यात आला होता. परत येऊन त्यांनी सुरत आणि राजकोट इथे कितीतरी वर्षे बायकांवर उपचार केले. दोघींचीही वाट लांबची होती. म्हणजे लांब जायचे की नाही, एवढाच प्रश्न नसतो. मागे आधार कोणाचा आणि शरीराला झेपेल का, हेही बघायचे असते.

गटाच्या वहीत मांडू

आता वही काढा. गटात आपण व्याज मांडतो तसे मांडू. आकडे समजण्यासाठी सोपे घेतलेत.

समजा मुलगी सरकारी कॉलेजात गेली आणि कसलीच सवलत मिळाली नाही. फी वर्षाला दीड लाख. जेवण, वसतिगृह, पुस्तके, येणे-जाणे धरून महिन्याला दहा हजार, म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. दोन्ही मिळून २ लाख ७० हजार. साडेचार वर्षांचे झाले १२ लाख १५ हजार. इंटर्नशिपच्या वर्षी विद्यावेतन मिळते, त्यात तिचे तिचे बरेचसे भागते.

समजा दुसरी मुलगी अशा कॉलेजात गेली, जिथे सगळे मिळून वर्षाला आठ लाख लागतात. पाच वेळा भरले, तर ४० लाख.

हे दोन्ही पैसे बँकेचे शैक्षणिक कर्ज काढून भरले आणि व्याज शेकडा १० टक्के वर्षाला धरले, तर काय होते? शिकत असताना हप्ता सुरू होत नाही, पण व्याज मात्र चढतच राहते. पहिल्या वर्षी उचललेल्या पैशावर शिक्षण संपून आणखी एक वर्ष जाईपर्यंत साडेसहा वर्षांचे व्याज चढते, दुसऱ्या वर्षीच्या पैशावर साडेपाच वर्षांचे, असे खाली खाली. साधे व्याज धरले तरी १२ लाखांचे साधारण १८ लाख होतात. आणि ४० लाखांचे ५८ लाख होतात. हप्ता सुरू व्हायच्या आधीच, बरे का.

आता परतफेड १५ वर्षांत करायची म्हटली, तर दर लाखाला महिना सुमारे १,०७५ रुपये हप्ता बसतो. हा आकडा वहीत लिहून ठेवा, कुठलाही मोठा कर्जाचा प्रश्न आला की उपयोगी पडेल. १८ लाखांचा हप्ता १९ हजार ३५० च्या आसपास. ५८ लाखांचा हप्ता ६२ हजारांच्या वर. दोन्हींत फरक महिन्याला ४३ हजारांचा, आणि तो पंधरा वर्षे.

सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ५६,१०० पासून सुरू होते, त्यावर भत्ते मिळतात. म्हणजे पहिली मुलगी हप्ता भरून चार पैसे मागे टाकेल, घरी पाठवेल, पुढच्या शिक्षणाची तयारी करेल. दुसरीचा पगार बँकेच्या दारातच संपेल. मग ती गावात दवाखाना काढेल का? आदिवासी पाड्यावर जाईल का? तिची इच्छा असली तरी हप्ता तिला जाऊ देणार नाही.

आणखी एक गोष्ट. आजकाल एमबीबीएसवर बरेचजण थांबत नाहीत. बाळंतपणाची डॉक्टर, मुलांची डॉक्टर व्हायचे तर पुढे पुन्हा प्रवेश परीक्षा आणि आणखी तीन वर्षे. पहिल्याच पायरीला सगळी पुंजी संपली, तर दुसरी पायरी चढायला काय उरणार? म्हणून आम्ही म्हणतो, हौसेचे पैसे अगदी सुरुवातीलाच सगळे खर्च करू नका.

मुलगी आहे म्हणून हिशोब बदलतो

पण थांबा. इथे एक वळण आहे आणि ते पुष्कळ घरांना माहीत नाही.

८ जुलै २०२४ ला राज्य सरकारने निर्णय काढला. आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. २०२४-२५ या वर्षापासून हे लागू झाले. अनुसूचित जाती-जमाती, भटक्या-विमुक्त या घरांतल्या मुलांमुलींसाठी आधीपासूनच वेगळ्या योजना आहेत.

याला दोन मुख्य अटी आहेत. प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतूनच झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतला तर लाभ नाही. आणि अभिमत विद्यापीठे, स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यात येत नाहीत.

आता बघा हिशोब कसा फिरतो. केंद्रीय फेरीतून खाजगी कॉलेजात जागा मिळालेल्या, योजनेत बसणाऱ्या मुलीची लाखोंची फी वाचू शकते. म्हणजे ऐकताना महाग वाटलेले कॉलेज तिला परवडण्यासारखे होते. मुलाला मात्र राजर्षी शाहू महाराज शुल्क योजनेत निम्मीच सवलत मिळते. "पोरीवर कशाला एवढा खर्च, पोराचे बघू," असे म्हणणाऱ्या घरात हे मुद्दाम सांगा. अशा घरात लेकीला डॉक्टर करणे लेकापेक्षा स्वस्तात पडते.

पण माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काचीच आहे. वसतिगृह, मेस, विकास शुल्क, अनामत, पुस्तके हे राहतेच, आणि खाजगी ठिकाणी ते वर्षाला लाखाच्या पुढे सहज जाते. काही ठिकाणी "आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ" असेही सांगतात. तेव्हा शासन निर्णयाची प्रत जवळ ठेवा, जे बोलतील ते लेखी मागा आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. राहण्या-जेवणासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अनुसूचित जातींसाठी स्वाधार आणि जमातींसाठी स्वयंम योजना आहे. अर्ज महाडीबीटीवर किंवा त्या त्या विभागाकडे वेळेत करायचा.

कर्ज लागलेच, तर पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेची चौकशी करा. केंद्राने ती नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. यादीतल्या संस्थांसाठी तारणाशिवाय कर्ज मिळते आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत मिळते. कॉलेज त्या यादीत आहे का, हे आधी बघा.

जमिनीचा प्रश्न

आपल्या मुळशीत एक वेगळीच पंचाईत आहे. रस्त्याकडेला दोन-चार गुंठे असले की गिऱ्हाईक दारात उभेच असते. त्यामुळे फी ऐकली की घरातले पुरुष म्हणतात, "एक तुकडा काढू, काय मोठे?" विकायचा निर्णय एका दुपारी होतो. पण तो तुकडा परत घ्यायचा म्हटले तर अख्खी हयात पुरत नाही.

आमचे म्हणणे असे नाही की शिक्षणासाठी जमीन विकूच नये. पण तीन गोष्टी बघा. एक, जमीन विकून येणारा पैसा पूर्ण साडेचार वर्षांच्या फीला पुरतो का, की दोन वर्षांत संपून पुन्हा सावकाराकडे जावे लागेल? दोन, जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलींचाही त्यात हक्क आहे. धाकट्या बहिणीच्या हक्काची जमीन थोरल्या भावाच्या परदेशी कॉलेजासाठी जाते आहे का? तीन, सही करण्याआधी घरातल्या बाईला कागद वाचून दाखवला का? "इथे अंगठा कर" एवढ्यावर अंगठा करू नका.

आणि गटाचे कर्ज कशासाठी? दाखले, पहिल्या महिन्याची मेस, अनामत, जुना लॅपटॉप, पांढरा कोट, येण्या-जाण्याचे भाडे, यासाठी गटाचा पैसा अगदी योग्य. महिना शेकडा एक दराने घेतला तरी वर्षभरात फेडता येतो. पण फी भरायला दर आठवड्याला वसुली करणाऱ्या कंपनीचे कर्ज उचलू नका. डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षे लागतात, आणि त्यांची वसुली पुढच्याच आठवड्यात सुरू होते.

बघायला जाल तेव्हा काय बघाल

कॉलेज बघायला गेलात तर इमारतीकडे एकदा बघा, हौस म्हणून फोटो काढा. मग ओपीडीच्या दारात जाऊन अर्धा तास बसा. शक्यतो सोमवारी-मंगळवारी सकाळी. किती पेशंट येतात? रांग आहे का? बाळंतपणे होतात का? डॉक्टर शिकतो तो पेशंटजवळ. ज्या रुग्णालयात गोरगरिबांची गर्दी, तिथे विद्यार्थ्याच्या हाताला काम. ससूनसारख्या ठिकाणी गादी पातळ असेल, जिन्यात गर्दी असेल, पण आजार सगळे बघायला मिळतात.

सरकारी म्हणजे सगळे उत्तमच, असेही समजू नका. काही नव्या कॉलेजांत शिक्षकांच्या जागा रिकाम्या असतात, वसतिगृहाचे बांधकाम चालू असते. म्हणून तिथेही हेच प्रश्न विचारा. शेवटच्या वर्षाच्या किंवा इंटर्न मुलींना गाठा आणि विचारा: शिक्षक रोज येतात का? तुम्ही स्वतः किती बाळंतपणांत मदत केली? वसतिगृह पहिल्या वर्षापासून मिळते का? पाणी, संडास, रात्रीचा दिवा कसा आहे? एसटी स्टँडवरून रात्री यायला काय साधन? रॅगिंगची तक्रार कुणाकडे करायची? पुस्तिकेत नसलेले कुठले पैसे मागतात? ही उत्तरे स्वागतकक्षातल्या माणसापेक्षा मुलीच खरी देतील.

बंधपत्र, सैन्य आणि परदेश

सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजातून शिकले की एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते. याला बाँड म्हणतात. काही घरे याला घाबरतात. पण या वर्षाचा पगार मिळतो, अनुभव मिळतो, आणि आपल्यासारख्या गावांना डॉक्टर मिळतो. ही शिक्षा समजायचे कारण नाही.

आपल्या गावात राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा आहे, त्यामुळे इथल्या मुलींना गणवेशाचे आकर्षण आहेच. त्यांच्यासाठी पुण्यातच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे, ज्याला एएफएमसी म्हणतात. नीटनंतर वेगळी निवड होते, मुलींना मोजक्या जागा असतात, शिकवणी फी नाही, पण नंतर सैन्याची सेवा बांधील. इथे हौस आणि हिशोब एका जागी येतात. पण बदल्या, शिस्त आणि सीमेवरचे जीवन मुलीला मनापासून हवे असेल तरच.

परदेशाचे मात्र जपून. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, फिलिपिन्स, इथल्या जाहिराती आता गावच्या यात्रेतल्या फ्लेक्सवरही दिसतात. विमानाचा फोटो, बर्फ, हसणाऱ्या मुली. फी इथल्या अभिमतपेक्षा कमी, हे खरे. पण १८ नोव्हेंबर २०२१ पासून नियम कडक झाले. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, शिकवण्याची भाषा इंग्रजी हवी, इंटर्नशिप तिथेही आणि परत आल्यावर इथेही, आणि त्या देशात प्रॅक्टिस करता येईल असाच तो अभ्यासक्रम हवा. नीट पात्र असावेच लागते. परत आल्यावर इथली पात्रता परीक्षा द्यावी लागते आणि अलीकडच्या बऱ्याच सत्रांत साधारण पाचातला एकच त्यात पास झालाय. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा हजारो भारतीय मुलेमुली शिक्षण अर्धवट टाकून परत आली. जायचेच असेल तर हे सगळे वाचून, एजंटच्या नव्हे तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कागदावर विश्वास ठेवून जा.

एजंटवरून आठवले. "एवढे द्या, सीट करून देतो" म्हणणारा फोन आला की तो ठेवून द्या. एमबीबीएसची जागा नीटचे मार्क आणि अधिकृत फेरी याशिवाय मिळत नाही.

कागद आधी, कॉलेज नंतर

बऱ्याच मुलींची जागा मार्कांमुळे नाही, कागदामुळे जाते. अधिवास, उत्पन्नाचा दाखला, जात दाखला आणि जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला, ही तयारी बारावी सुरू असतानाच करा. पौडच्या तहसील कार्यालयात, सेतू केंद्रात निकालाच्या आठवड्यात गेलात तर रांगच संपत नाही. जात पडताळणीला तर महिने लागू शकतात. गटातल्या दोघीतिघींनी एकाच दिवशी जावे, रिक्षाभाडेही वाचते.

पसंतीक्रम भरताना खरोखर हव्या त्या क्रमाने कॉलेजे लिहा. मिळणार नाही म्हणून वरचे गाळू नका आणि परवडत नसलेले फुशारकीने वर लिहू नका. कुठल्या फेरीनंतर जागा सोडली तर अनामत जाते, पुढच्या फेरीत बसता येत नाही, हे त्या वर्षीच्या पुस्तिकेत मुलीकडून वाचून घ्या.

मायलेकींनी एकत्र बसायचे

शेवटी एक रीत सांगतो. एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्या रकान्यात आईने लिहायचे, किंवा सांगून लिहून घ्यायचे: आपण वर्षाला जास्तीत जास्त किती देऊ शकतो, तेही जमीन न विकता. दुसऱ्या रकान्यात मुलीने लिहायचे: या कॉलेजातले मला नक्की काय आवडले. तिसऱ्या रकान्यात दोघींनी मिळून: ते आवडलेले दुसरीकडे मिळू शकते का?

हा तिसरा रकाना फार कामाचा. मुलगी म्हणाली, "मला पुणे सोडवत नाही," तर विचारा, पुण्यात राहायचे आहे की मैत्रिणी सोडवत नाहीत? म्हणाली, "तिथली लायब्ररी," तर पुस्तके कुठेही मिळतात. म्हणाली, "तिथे कॅन्सरवर संशोधन होते, मला तेच करायचे आहे," तर मात्र कान टवकारा. तिचे हे बोलणे नुसत्या हौसेचे नाही, त्यात पुढची दिशा आहे. त्यासाठी घराने थोडे ताणावे, कर्ज काढावे. आणि म्हणाली, "सगळे म्हणतात ते भारी आहे," तर आणखी चार दिवस थांबा.

मुलीला खर्चाचा खरा आकडा सांगा. "तू अभ्यास कर, पैशाचे आम्ही बघू" हे मायेचे बोलणे आहे. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला हिशोब कळतो. तिला कळला तर ती लांबचे सरकारी कॉलेज रडत नाही, समजून निवडते. कधी कधी तीच म्हणते, "आई, गोंदिया लांब आहे, पण मी राहीन. पुढच्या शिक्षणाला पैसे ठेव."

तसेच, जागा मिळाली नाही किंवा परवडली नाही तर दार बंद झाले असे नाही. बीएएमएस आहे, बीएचएमएस आहे, बीएस्सी नर्सिंग आहे. आपल्या गावातल्या किती बाळंतपणांत आधी नर्सताईचाच हात लागला, हे आपल्याला सांगायला नको.

या महिन्याच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. ज्यांच्या घरी अकरावी-बारावीची मुलगी आहे, त्यांची यादी करा, कुणाचा कुठला दाखला राहिलाय ते लिहा आणि पौडला जायची तारीख ठरवा. अध्यक्षताईंनी यादी वहीत चिकटवून ठेवावी आणि पुढच्या बैठकीत पहिला विषय म्हणून वाचावी. काही अडले तर रेडिओवर कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.